सकर मासा घेताना पूर्ण वाढीचा हिशेब करा
– विस्तार अधिकारी (कृषी)

अलीकडे गावोगावी नवीन बांधलेल्या घरांच्या बैठकीत काचेची मत्स्यटाकी दिसू लागली आहे. मुलांच्या हट्टापायी तालुक्याच्या बाजारातून दोन फुटी टाकी येते, तीत चार गोल्डफिश येतात आणि दुकानदार हमखास सांगतो, "एक सकर पण टाका, काच साफ ठेवतो." बोटाएवढा काळपट, काचेला तोंड लावून चिकटणारा हा मासा. स्वस्तही असतो. मग घरी येतो आणि दोन वर्षांनी प्रश्न येतो, "साहेब, हा मासा टाकीत मावेना. विहिरीत सोडला तर चालेल का?"

चालणार नाही. का चालणार नाही, आणि मुळात असा मासा घ्यावा की नाही, घेतला तर कसा सांभाळावा, याची माहिती शेतकरी बंधूंना व ग्रामपंचायतीच्या मंडळींना व्हावी म्हणून हा लेख.

मासा कुठला, वाढतो किती?

सकर किंवा प्लेको हा मूळचा दक्षिण अमेरिकेतल्या ॲमेझॉन, ओरिनोको अशा नद्यांतला. आपल्याकडे या कुळातला एकही मासा मूळचा नाही. अंगावर खवल्यांऐवजी हाडांची कडक पत्र्यासारखी कवचे, पाठीवरच्या आणि छातीच्या परांना जाड काटे, तोंड खालच्या बाजूला वाटीसारखे. या तोंडाने तो दगडाला, लाकडाला चिकटून शेवाळ खरवडतो.

दुकानात तो दोन-तीन इंचांचा असतो. मात्र 'सेलफिन' म्हणून विकला जाणारा सकर पूर्ण वाढीला दीड फुटापर्यंत जातो. चांगले खाणे मिळाले तर दोन वर्षांत फूटभर होऊ शकतो आणि नीट सांभाळला तर दहा-पंधरा वर्षे जगतो. "टाकी लहान असली की मासाही लहानच राहतो" असे लोक म्हणतात. तसे काही नाही. लहान टाकीत त्याची वाढ खुंटते, पाणी घाण होते आणि मासा रोगट होतो.

आपण कालवड घेताना गोठा गाईच्या मापाने बांधतो, कालवडीच्या नव्हे. इथेही तोच हिशेब.

टाकीचे गणित

एक घनफूट म्हणजे सुमारे २८ लिटर पाणी. नेहमीची दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच टाकी म्हणजे २ घनफूट, साधारण ५६ लिटर. दीड फुटाचा मासा एक फूट रुंदीच्या टाकीत वळणार कसा? पूर्ण वाढलेल्या सकरला सहा फूट लांब, दोन फूट रुंद, दोन फूट उंच टाकी लागते. म्हणजे २४ घनफूट, जवळजवळ ६८० लिटर. नुसत्या पाण्याचेच वजन पावणेसात क्विंटल झाले. काच, वाळू, दगड वेगळे. लाकडी टेबलावर हे पेलणार नाही. लोखंडी अँगलचा स्टँड आणि खाली पक्की फरशी हवी.

ही तयारी नसेल तर मोठा सकर घेऊ नये. त्याऐवजी 'ब्रिसलनोज' जातीचा मागावा. हा त्याच कुळातला, पण चार-पाच इंचांवर थांबतो आणि शेवाळही मन लावून खातो. नराच्या नाकाडावर मिशांसारखे मांसल केस येतात.

दुकानात ओळखायचे कसे?

पिल्ले सारखीच दिसतात, म्हणून दुकानदाराच्या बोलण्यावर न जाता स्वतः पाहावे.

१) पाठीवरचा पर उभा असताना त्यातल्या काड्या मोजाव्यात. दहा किंवा जास्त भरल्या तर तो मोठा होणारा सेलफिन. ब्रिसलनोजला आठच्या आसपास भरतात.

२) काचेला चिकटलेला मासा खालून पाहावा. पोट भरलेले असावे. खपाटीला गेलेले पोट म्हणजे बरेच दिवसांचा उपाशी मासा. तो सहसा सुधारत नाही.

३) डोळे आत गेलेले नसावेत, पर फाटलेले नसावेत, अंगावर पांढरे ठिपके नसावेत.

४) जाळीने पकडू देऊ नये. काटे जाळीत अडकतात, मासा जखमी होतो. डब्यात घेऊन काढायला सांगावे.

५) मोठ्या जातीचा एकच घ्यावा. मोठे झाल्यावर दोन नर एकमेकांना जागेवरून हुसकावतात.

खाणे आणि पाणी

टाकीतल्या शेवाळावर सकर जगत नाही. लहानपणी तो काच साफ करतो हे खरे, पण मोठा झाला की शेवाळापेक्षा आयत्या खाद्याकडे वळतो. उपाशी राहिला तर गोल्डफिशसारख्या संथ माशांच्या अंगावरचा चिकट थर चाटतो आणि त्यांना जखमा होतात. त्याला बुडणारे गोळीखाद्य आणि काकडी, दुधी, दोडका, पालक यांपैकी काहीतरी द्यावे. हा रात्री फिरणारा मासा, म्हणून दिवा बंद केल्यावर खाद्य टाकावे. उरलेली फोड सकाळी काढून टाकावी. भाजी फवारणी केलेल्या प्लॉटमधली नको. आपल्याला चालणारा अंश माशाला चालत नाही.

जेवढे खातो तेवढी घाणही करतो. त्यामुळे चांगला फिल्टर हवा आणि दर आठवड्याला पाव टाकी पाणी बदलावे. काढलेले पाणी परसबागेला द्यावे, झाडांना ते खतच आहे. नळाच्या पाण्यात क्लोरीन असते, ते पाणी एक दिवस उघड्या पिंपात ठेवून मग वापरावे. पाण्याचे तापमान २४ ते २८ अंश ठेवावे.

शेवाळ मारायला टाकीत मोरचूद टाकण्याचा सल्ला कोणी देतो. तो ऐकू नये, तांबे माशांना विषारी आहे. आणखी एक गोष्ट. वीज गेली आणि पाण्यातला प्राणवायू कमी पडला तर सकर वर येऊन हवा गिळतो आणि तग धरतो. त्याच्यासोबतचे मासे मात्र मरतात. ज्या गावात भारनियमन असते तिथे बॅटरीवर चालणारा हवेचा पंप ठेवावा.

विहीर, शेततळे, धरण – कुठेच नको

आता मुख्य मुद्दा. मोठा सकर घरच्या टाकीत पिल्ले देत नाही, कारण त्याला अंडी घालायला मातीचा काठ लागतो. नर काठात बीळ कोरतो, मादी त्यात शेकड्यांनी अंडी घालते आणि नर राखण करतो. म्हणजे टाकीत एकटा असलेला मासा तलावात जोडीदार मिळाला की वाढू लागतो. बिळांनी मातीचे काठ पोखरतात आणि ढासळतात. पाझर तलावाचा किंवा मातीच्या शेततळ्याचा बांध असा पोखरला गेला तर काय होईल, हे शेतकऱ्याला वेगळे सांगायला नको.

हा धोका कागदावरचा नाही. मेक्सिकोतील इन्फिएर्निल्यो धरण चिलापीच्या मासेमारीसाठी नावाजलेले होते. २००० नंतरच्या दशकात तिथल्या जाळ्यांत चिलापीऐवजी सकरच भरू लागला. आपल्याकडे उजनी जलाशयातही हा मासा पसरला आहे. तिथे रोहू-कटल्याला, चिलापीला भाव आहे, सकरला गिऱ्हाईक नाही. वर त्याचे काटे जाळ्यात असे गुंततात की जाळे कापूनच काढावे लागते. मच्छीमाराचे माशाचेही नुकसान आणि जाळ्याचेही. एकदा धरणात पसरल्यावर तो वेचून काढता येत नाही, म्हणून पहिला मासा सोडतानाच थांबले पाहिजे. "एका माशाने काय होतंय" असे म्हणणारे दहा जण निघाले की पुरे होते.

नकोसा झाला तर

आधी दुकानदाराला परत न्यावा. बरेच दुकानदार मोठा मासा घेतात. नाहीतर मोठी टाकी असलेल्या माणसाला द्यावा. अंगणात सिमेंटचा हौद असेल तर त्यात ठेवता येतो, पण पावसाचे पाणी त्यातून वाहून ओढ्याला जात नाही याची खात्री करावी आणि वर जाळी टाकावी. जाळ्यात सापडलेला सकर मच्छीमारांनी परत पाण्यात टाकू नये. काठावरही सोडू नये, कारण ओलसर जागेत तो काही तास जिवंत राहतो आणि पाणी जवळ असेल तर सरकत आत जातो. मारून खड्ड्यात पुरावा, त्याचे खत होते.

२०२२ च्या वन्यजीव संरक्षण सुधारणा कायद्याने अशा परदेशी उपद्रवी जातींची आयात, विक्री, बाळगणे यांवर नियंत्रण आणण्याचे अधिकार केंद्र सरकारला दिले आहेत. पण गावचा तलाव राखायला गावानेच लक्ष घालावे लागेल. सरपंच व ग्रामपंचायत अधिकाऱ्यांनी पुढच्या ग्रामसभेत हा विषय घ्यावा, तलावाच्या काठी 'पाळीव मासे सोडू नयेत' असा फलक लावावा आणि तलाव ठेक्याने देताना ठेकेदाराला सकर सापडल्यास कळवायला सांगावे. शाळेतल्या गुरुजींनी मुलांना सांगितले तर घरोघर लवकर पोहोचते. मासा कुठे सापडला तर फोटो काढून, तारीख आणि जागा लिहून जिल्ह्याच्या मत्स्यव्यवसाय कार्यालयाला कळवावे.