भाडं ठरवण्याआधी गाडीचं पासिंग विचारा



चाळीतला कांदा काढला, निवडला, गोण्या भरून शिवल्या. आता वाशीच्या बाजाराला गाडी धाडायची. ट्रकवाल्याला आपण पहिला प्रश्न विचारतो, "गोणीमागं भाडं किती?" आणि दुसरा, "किती गोण्या बसतील?" तो हसून म्हणतो, "बसवाल तेवढ्या बसतील." इथंच घोळ सुरू होतो. गाडीत किती माल बसतो हे फाळक्याच्या उंचीवर ठरत नाही, ते आरसी बुकात लिहिलेलं असतं.

बुकात दोन आकडे बघा. एक रिकाम्या गाडीचं वजन, दुसरा मालासकट एकूण वजन. दुसऱ्यातून पहिला वजा केला की राहतं ते पासिंग. पुढं दोन आणि मागं चार अशा सहाचाकी ट्रकला पूर्वी मालासकट १६.२ टनांची मर्यादा होती. जुलै २०१८ मध्ये केंद्र सरकारनं ती १८.५ टन केली. दहाचाकीची २५ वरून २८.५ टन झाली. तरी रस्त्यावर साहेब बघतात तो त्या गाडीच्या बुकातला आकडा. शेजारच्या गाडीचं पासिंग जास्त आहे म्हणून आपल्या गाडीत चार गोण्या जास्त चालत नाहीत.

आता दंडाचा हिशेब मांडू. मोटार वाहन कायदा १९८८ चा. त्यात २०१९ साली मोठी दुरुस्ती झाली. जादा भारासाठी आधी दोन हजार रुपये आणि वरच्या प्रत्येक टनाला एक हजार असा दंड होता. दुरुस्तीनं तो वीस हजार आणि टनाला दोन हजार झाला. पन्नास किलोची गोणी धरली तर साठ गोण्या म्हणजे तीन टन. साठ गोण्या जादा भरल्या तर कायद्यातला दंड सव्वीस हजार. शिवाय जादा माल उतरवल्याशिवाय गाडी हलू द्यायची नाही, आणि उतरवण्याचा खर्चही आपल्याच माथी. म्हणजे घाटाच्या तोंडाशी भर उन्हात हमाल शोधा, गोण्या उतरवा, राखण बसवा, दुसरी गाडी बघा. तोवर बाजाराची वेळ टळते. भुईकाट्यावर गाडी न्यायलाच नकार दिला तर दंड चाळीस हजार. ऊस किंवा कडबा फाळक्याबाहेर, मागं किंवा उंचीला मर्यादेपलीकडं गेला, तर वजन बरोबर असूनही वीस हजार.

"दंड ट्रकवाला भरेल, मला काय?" असं कुणी म्हणेल. कायद्याची भाषा नीट वाचा. गाडी चालवणारा तर आहेच, पण तशी चालवायला लावणारा आणि चालवू देणाराही त्यात धरला आहे. "भर की रे अजून वीस गोण्या" असं आपणच म्हटलं असेल तर हात झटकायला जागा उरत नाही.

खरी मेख भाडं ठरवण्याच्या पद्धतीत आहे. गोणीवर भाडं ठरलं की ट्रकवाला जास्त भरायला बघतो. खेपेवर ठरलं की आपण बघतो. दोन्हीकडून गाडीच्याच पाठीवर ओझं. म्हणून बिल्टीवर गोण्यांचा आकडा आणि अंदाजे वजन दोन्ही लिहून घ्या, आणि निघताना जवळच्या भुईकाट्याची पावती करा. त्या पावतीचे पैसे वाया जात नाहीत. कसाऱ्याचा घाट भरल्या गाडीनं उतरणाऱ्या ड्रायव्हरला विचारा, जादा टनाला ब्रेक कसा लागतो ते. ब्रेक तापले की पाय दाबूनही गाडी धरत नाही.

आता दंडापेक्षा मोठी गोष्ट. गाडी भरली की वर गोण्यांवर कोण बसतं? आपला धाकटा भाऊ, दोन शेजारी, कधी मजूर बाया. लग्नसराईत तर माल नसतोच, टेम्पोत सतरंजी टाकून वऱ्हाडच बसतं. "गाडीचा विमा आहे ना!" म्हणून सगळे निर्धास्त. आशा राणी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं २००२ साली सांगितलं, की मालवाहू गाडीत फुकट बसवून नेलेल्या प्रवाशाची भरपाई देणं विमा कंपनीवर बंधनकारक नाही. १९९४ च्या दुरुस्तीनं फक्त मालाच्या मालकाला किंवा त्यानं नेमलेल्या माणसाला संरक्षण दिलं आहे. २००७ मध्ये त्याच न्यायालयानं आणखी स्पष्ट केलं, की मालाचा मालक म्हणजे केबिनमध्ये बसून जाणारा. गोण्यांवर झोपून जाणारा त्यात येत नाही.

याचा अर्थ नीट समजून घ्या. अपघात झाला तर भरपाईचा हुकूम गाडीमालकावर निघतो. आणि गावातली पिकअप कुणाची असते? आपल्याच चुलतभावाची, मेव्हण्याची. ज्यानं उपकार म्हणून वऱ्हाड नेलं, त्याचं शेत विकायची पाळी येते. मयताच्या घरच्यांना पैसे मिळत नाहीत आणि भावकी कायमची तुटते. चार जणांचा माल एका गाडीत असेल तर बुकात केबिनच्या जितक्या सीटा लिहिल्या आहेत तितकेच बसा, बाकीच्यांनी एसटीनं जावं. तिकिटाचे पैसे चौघांत वाटून घ्या, वाद नको.

ट्रॅक्टरचंही तसंच. नियमांप्रमाणं शेतीचा ट्रॅक्टर हे परवान्याचं वाहतूक वाहन नाही, ते शेतीकामासाठी आहे. ती सवलत शेतीसाठी आहे, भाड्यानं वाळू, मुरूम, विटा ओढण्यासाठी नाही. वीटभट्टीच्या मातीच्या ट्रॉलीवर बसलेल्या एका मजुराच्या खटल्यात २००७ साली सर्वोच्च न्यायालयानं म्हटलं, की विमा शेतीकामापुरता होता आणि ट्रॉलीचा विमा नव्हता, म्हणून कंपनी जबाबदार नाही. गरीब मजुराकडं बघून न्यायालयानं खास अधिकार वापरला. कंपनीनं आधी पैसे द्यावेत आणि मालकाकडून वसूल करावेत, असं सांगितलं. वसुली शेवटी मालकाकडूनच. ट्रॉलीची नोंद आणि विमा वेगळा आहे का, ते आजच कागद काढून बघा. आणि उसाच्या हंगामात ट्रॉलीच्या मागं लाल परावर्तक असलाच पाहिजे. रात्री रस्त्याच्या कडेला उभ्या ट्रॉलीवर मोटारसायकल आदळते ती बहुतेक त्याच्या अभावी.

पोरांना ट्रॅक्टर देऊ नका, हे सांगून जीभ झिजली. तरी आकडा ऐका: अल्पवयीन मुलानं गाडी चालवून गुन्हा केला तर पालक किंवा मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि पंचवीस हजार दंड, शिवाय गाडीची नोंदणी वर्षभर रद्द.

लायसनबाबत एक दिलाशाची गोष्ट आहे. साध्या हलक्या वाहनाच्या लायसनवर पिकअप चालवली म्हणून पूर्वी विमा कंपन्या भरपाईला आडव्या यायच्या. नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांनी निकाल दिला, की एकूण वजन साडेसात हजार किलोपर्यंतची मालगाडी त्या लायसनवर चालते. त्यावरच्या गाडीला मात्र वेगळं लायसन हवंच. परमिटचं म्हणाल, तर एकूण वजन तीन हजार किलोपेक्षा जास्त नसलेल्या मालगाडीला ते लागत नाही.

बाकी कागदांचं थोडक्यात. आरसी, विमा, फिटनेस, पीयूसी मोबाईलवर डिजिलॉकरमध्ये दाखवले तरी चालतात. फिटनेस गाडी आठ वर्षांची होईपर्यंत दोन-दोन वर्षांनी, नंतर दरवर्षी. ताज्या कांद्या-भाजीला ई-वे बिल लागत नाही, तेव्हा त्या नावाखाली कुणी पैसे मागितले तर देऊ नका. आणि ड्रायव्हरला "पहाटे पोचलाच पाहिजेस" म्हणून रेटू नका. १९६१ च्या कायद्यानं दिवसाला आठ तास काम आणि सलग पाच तासांनंतर अर्धा तास विश्रांती असं माप घातलं होतं. आठ तासांचं माप नव्या कायद्यातही कायम आहे. तो झोपेत चालवत असेल तर शेजारी केबिनमध्ये तुम्हीच बसलेले असता.

ग्रामसेवक, पोलीस पाटील, सरपंच मंडळींना एक विनंती. अपघात झाला की आधी जखमींना दवाखान्यात न्या. मदत करणाऱ्याला नाव सांगण्याची सक्ती नाही आणि तो त्यासाठी खटल्यात अडकत नाही, हे लोकांना सांगा. नंतर घरच्यांना गाडीचा नंबर, विमा पॉलिसी आणि एफआयआरची नक्कल मिळवून द्या. भरपाईच्या अर्जासाठी २०२२ पासून कायद्यात सहा महिन्यांची मुदत घातली गेली आहे, आणि दिवसकार्य, वर्षश्राद्ध यात घरच्यांना ते सुचत नाही. ऊसतोड सुरू होण्याआधीच्या ग्रामसभेत ट्रॅक्टरमालकांना ट्रॉल्या घेऊन बोलवा आणि कुणाला परावर्तक नाही ते तिथंच बघून घ्या.