मोत्याची साखळी कोण सोडणार?

घर सोडून पाच मिनिटांत निघायचंय. काय उचलाल? मोबाइल, चार्जर, दाखल्यांची फाइल... बरोबर. आणि पडवीत बांधलेला मोत्या? गोठ्यातली शेळी? खुराड्यातल्या कोंबड्या?

चिखले, घोलवड, बोर्डी हा चिकूच्या वाड्यांचा किनारा. सुट्टीत रील काढायला झकास. पण इथल्यांना दोन्हीकडून सावध राहावं लागतं. पश्चिमेला समुद्र. जून २०२० मध्ये 'निसर्ग' आलं, तर १७ मे २०२१ला 'तौक्ते' याच किनाऱ्यासमोरून गुजरातकडे गेलं. पूर्वेला धुंदलवाडी-तलासरीचा पट्टा. तिथे नोव्हेंबर २०१८ पासून जमीन हलू लागली, ती महिनोन् महिने हलतच राहिली. १ फेब्रुवारी २०१९ला ४.१ रिश्टरचा धक्का बसला. त्या दिवशी हळदपाड्यातली दोन वर्षांची मुलगी घराबाहेर पळताना पडून दगावली. लोक थंडीत तंबूत झोपले.

त्यातला धडा साधा आहे : धक्का चालू असताना पळायचं नाही. टेबल किंवा पलंगाखाली शिरा, डोकं झाका, थांबा. मांजर-कुत्र्याला त्या वेळी कवटाळू नका. घाबरलेलं जनावर मालकालाही चावतं. हादरा थांबला की साखळी लावूनच बाहेर न्या, नाहीतर ते उधळतं आणि सापडत नाही.

वादळाचं तसं नाही. ते सांगून येतं, हातात दिवस-दोन दिवस मिळतात. ते असे वापरा :

गाठ बदला : दाव्याला निरगाठ नको, सुरगाठ मारा. एका हिसक्यात सुटली पाहिजे. पाणी चढल्यावर बांधलेलं जनावर पोहू शकत नाही. सोबत नेता येत नसेल तर मोकळं सोडा, उंचावर हाका.

कोंबड्या संध्याकाळी धरा : दिवसा अंगणभर पळापळ होते. तिन्हीसांजेला त्या आपणहून खुराड्यात येतात, तेव्हाच डालग्यात भरा. मांजरासाठी झाकणाची टोपली हवी. ती आठवडाभर आधी घरात उघडी ठेवा, म्हणजे मांजर तिच्यात बसायला शिकेल.

एक पिशवी त्यांचीही : तीन दिवसांचं खाणं, पाणी, वाडगा, जादा दोरी, रेबीजच्या लशीचं कार्ड. पट्ट्यावर तुमचा मोबाइल नंबर लिहा.

फोटो काढा : प्रत्येक जनावराचा, कानातल्या बिल्ल्याच्या नंबरासकट. केंद्राच्या २०२२-२६ च्या निकषांप्रमाणे आपत्तीत दुभती गाय-म्हैस गेली तर ३७,५०० रुपये आणि शेळी गेली तर ४,००० रुपये मदत ठरलेली होती. पण पंचनाम्याला पुरावा लागतो. आजीकडे स्मार्टफोन नाही, तुमच्याकडे आहे. हे काम तुमचंच.

आधी विचारा : निवारा म्हणून ठरलेल्या शाळेत कुत्रा चालेल का? शेळ्या कुठे बांधायच्या? ग्रामपंचायतीत किंवा पोलीस पाटलांना आजच विचारून ठेवा. १०७७ (जिल्हा आपत्ती कक्ष) आणि १९६२ (फिरतं पशुवैद्यकीय पथक) हे नंबर सेव्ह करा.

'माणसांचं आधी बघा, जनावरांचं नंतर', असं कुणीतरी म्हणेलच. पण अमेरिकेत २००५च्या कॅटरिना वादळात कित्येक जण कुत्र्या-मांजरांना सोडून निघायलाच तयार झाले नाहीत आणि पुरात अडकले. पुढच्याच वर्षी तिथे सुटकेच्या आराखड्यात पाळीव प्राण्यांचाही विचार करायला लावणारा कायदा झाला. आपल्याकडेही वेगळं काय? जिच्या दुधावर घर चालतं ती म्हैस दावणीला सोडून आजोबा ट्रकमध्ये चढतील, असं वाटतं तुम्हाला? जनावराची सोय झाली नाही, तर माणूसही मागे राहतो.

तेव्हा या रविवारी घरी एक रंगीत तालीम कराच. घड्याळ लावा, पाच मिनिटं. आजीचा हात कोण धरणार, गॅस कोण बंद करणार, मोत्याची साखळी कोण सोडणार, हे नावानिशी ठरवा. 'कुणीतरी सोडेल' असं म्हटलं, की ती साखळी तशीच राहते.