आर-३९०ए : लष्करी रिसीव्हर हाताळताना

कॉलिन्स कंपनीने 1950च्या दशकात अमेरिकी लष्करासाठी घडवलेला आर-३९०ए हा शॉर्टवेव्ह रिसीव्हर व्हॉल्व्हवर चालतो. वजन जवळजवळ 38 किलो, त्यामुळे उचलायला दोघे लागतात.

आधी स्विच ‘स्टँडबाय’वर ठेवून व्हॉल्व्ह तापू द्यावेत, मग ‘एजीसी’वर आणावा. डावा मोठा नॉब मेगासायकल (म्हणजे मेगाहर्ट्झ) बदलतो, उजवा किलोसायकल (किलोहर्ट्झ). आकडे गाडीच्या किलोमीटर-मीटरसारखे फिरतात: 9 आणि 500 दिसले की आपण 9500 किलोहर्ट्झवर. आत गिअर आणि कॅमची दाट गुंफण एकाच वेळी सगळ्या ट्यूनिंग कॉइल्समधले गाभे हलवते. ही रचना निव्वळ अप्रतिम आहे. नंतर ‘अँटेना ट्रिम’ फिरवून मीटरचा काटा जास्तीत जास्त वर आणायचा. बँडविड्थ प्रसारणासाठी 8 किंवा 4 किलोहर्ट्झ, मोर्ससाठी 1. मोर्स ऐकताना बीएफओ (सिग्नलला ऐकू येणारा सूर देणारा ऑसिलेटर) सुरू हवा. आकड्यांचा नेमकेपणा तपासायला ‘कॅल’ स्थितीत दर 100 किलोहर्ट्झवर खुणेचा सिग्नल मिळतो.

हा संच 115 किंवा 230 व्होल्टवर चालतो. आपल्याकडे प्लग लावण्यापूर्वी तो 230वर आहे ना, हे जाणकाराकडून तपासून घ्याच.