टाकी बदलण्याचे शास्त्र

एका इंजिनाच्या छोट्या विमानात इंधन बहुधा दोन्ही पंखांतील टाक्यांत भरलेले असते. कोणत्या टाकीतून इंजिनाला पुरवठा व्हायचा, हे वैमानिक फ्युएल सिलेक्टर नावाचा दांडा फिरवून ठरवतो.

सेसना १७२ या विमानाचे पंख छतावर असतात. इंधन स्वतःच्या वजनाने खाली उतरते आणि सिलेक्टरवर ‘डावी’, ‘उजवी’ यांच्या जोडीला ‘दोन्ही’ अशीही खूण असते. उड्डाण करताना आणि उतरताना तो ‘दोन्ही’वरच ठेवतात. पायपर पीए-२८ मालिकेतील विमानांचे पंख मात्र खाली असल्याने इंधन पंपाने वर ओढावे लागते. दोन्ही टाक्या एकदम जोडल्या आणि त्यांतली एक आधी रिकामी झाली, तर पंप तिच्यातली हवाच ओढू लागेल आणि दुसरीत इंधन असूनही इंजिन बंद पडेल. म्हणून या विमानांत ‘दोन्ही’ची सोयच नसते, टाक्या आलटून पालटून वापराव्या लागतात.

अशा विमानाचे इंजिन तासाला साधारण ३५ ते ४० लिटर इंधन घेते. तासभर एकाच टाकीवर उडाल्यास त्या बाजूचा पंख सुमारे २५ किलोने हलका होतो आणि विमान दुसऱ्या बाजूला झुकू लागते. यासाठी बरेच वैमानिक दर अर्ध्या तासाने टाकी बदलतात. घड्याळाचा मिनिटकाटा तबकडीच्या उजव्या अर्ध्यात असेल तर उजवी टाकी, डाव्या अर्ध्यात असेल तर डावी, हा लक्षात ठेवायला सोपा नियम आहे. पायपरमध्ये टाकी बदलण्याआधी विजेचा जादा पंप सुरू करतात, सिलेक्टर खाचेत नीट बसल्याची खात्री करतात, इंधनाचा दाब स्थिर आहे हे पाहतात आणि मगच पंप बंद करतात.

बदलाची वेळही महत्त्वाची असते. ज्या टाकीवर उड्डाण करायचे, तिच्यावरच जमिनीवर इंजिनाची चाचणी घ्यावी. ऐन उड्डाणाच्या तोंडावर टाकी बदलू नये. नव्या टाकीच्या पुरवठ्यात दोष असेल, तर नळीत उरलेले इंधन संपून इंजिन नेमके कमी उंचीवर थांबू शकते. उतरण्यासाठी जास्त भरलेली टाकी वेळेत निवडावी. काटे दाखवतात त्यावर विसंबून न राहता उड्डाणापूर्वी टाक्यांत डोकावून इंधन मोजावे.

सिलेक्टर सहज हाताशी असणेही तितकेच आवश्यक आहे. १२ ऑक्टोबर १९९७ रोजी गायक जॉन डेन्व्हर यांचे लाँग-ईझी विमान कॅलिफोर्नियातील पॅसिफिक ग्रोव्हजवळ समुद्रात कोसळले. त्यातील सिलेक्टर वैमानिकाच्या डाव्या खांद्यामागे होता. तो फिरवण्यासाठी वळताना उजव्या रडरवर नकळत पाय दाबला गेला असावा, असा निष्कर्ष अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने काढला.

हवेत इंजिन अचानक थांबले, तर आधी विमान तरंगण्याच्या योग्य वेगावर आणावे आणि लगेच इंधन असलेल्या दुसऱ्या टाकीवर जाऊन पंप सुरू करावा. बंद पडण्याचे कारण रिकामी टाकी एवढेच असेल, तर काही सेकंदांत इंजिन पुन्हा चालू होऊ शकते.