माया सोडून कापा

गोधड्यांवर लिहायचं ठरवलं आणि अमेरिकेतल्या 'कॅन्सस सिटी स्टार' या दैनिकातले गोधडीचे जुने नमुने चाळू लागलो. सप्टेंबर 1928 मध्ये रूबी शॉर्ट मॅकिम यांच्या 'पाइन ट्री' या नमुन्याने तिथलं हे नमुन्यांचं सदर सुरू झालं. 1961 मध्ये ते थांबलं, तोवर हजारावर नमुने छापून झाले होते. इतका इतिहास पुरे. मी रेंगाळलो ते एडना मेरी डन यांच्यापाशी.

डनबाई मूळच्या फॅशनची चित्रं काढणाऱ्या. 1930 च्या दशकात सदर त्यांच्याकडे आलं आणि शेवटपर्यंत राहिलं. खेड्यापाड्यांतल्या वाचक बायका आपले ब्लॉक, म्हणजे ज्यांची गोधडी जोडतात ते चौकोन, पाठवत आणि पेपरात नमुन्याखाली त्यांचं नाव-गाव येई. कुणाच्या आजीने शिवलेली चांदणी अशी शेजारच्या राज्यातल्या शेतघरात पोचे. तिथे ती पेपरातून कापून पुठ्ठ्यावर चिकटवायची, की कापड बेतायला साचा तयार.

पण छापील तुकडा तसाच कापला, तर फसगत ठरलेली. बरेच नमुने शिवणीची माया न धरता दिलेले. चहूबाजूंनी पाव इंच आपण सोडायची. दुसरी खोड छपाईची. त्या काळी जुळवलेल्या पानावर ओलसर कागदी लगदा दाबून साचा घेत आणि तो वाळवून त्यात शिसं ओतत. वाळताना साचा आकसे, तोही उभा-आडवा सारखा नव्हे. मग छापलेले कोनही बिघडत. आठ टोकांच्या चांदणीत मधोमध 45 अंशांचे आठ कोन भेटतात. एकेक कोन अर्धा अंश कमी भरला, तर शेवटी चार अंशांची फट उरते. जास्त भरला, तर मधोमध फुगा येतो. शिवणारीला वाटे, आपलाच हात चुकला.

त्यात नावांचा घोळ. एकच ब्लॉक एका पेपरात एका नावाने, दुसऱ्यात दुसऱ्याच. अखेर बार्बरा ब्रॅकमन यांनी ब्लॉकची वर्गवारी नावांऐवजी रचनेवरून केली आणि प्रत्येकाला क्रमांक दिला. आज अभ्यासक तोच क्रमांक सांगतात.

असा जुना नमुना हाती आला, तर कात्रणावरून थेट कापड कापू नका. ब्लॉकची बाजू मोजा, पट्टी-कोनमापक घेऊन आकृती नव्याने काढा, मग माया सोडा. आणि आधी एकच ब्लॉक शिवून बघा, तोही जुनेराचा.