जुनाट दुखण्याची फिर्याद

कृष्णा-कोयनेच्या मुलखात उसाचा गळीत हंगाम सुरू झाला, म्हणजे पहाटेच्या थंडीत वाकून कोयता चालविणारी, डोक्यावर मोळी तोलीत ट्रकच्या फळीवरून चढणारी माणसे साखर कारखान्यांच्या आसपास दिसू लागतात. आणि त्यांच्यापैकी, तसेच इथल्या रानांत भांगलण करणाऱ्या स्त्रियांपैकी कितीएक जण कंबर, मान, गुडघे यांची फिर्याद घेऊन सांगली-मिरजेच्या वा साताऱ्याच्या दवाखान्यांची पायरी चढतात. क्ष-किरणांच्या चित्रात पुष्कळदा विशेष काही आढळत नाही. मग ‘हे मनाचे आहे’ असा शेरा पडतो आणि दुखणे खोटे ठरवून प्रकरण निकालात काढले जाते. हा निवाडा मला फार अन्यायाचा वाटतो, कारण वेदनेत मनाचा वाटा असणे म्हणजे वेदना नसणे नव्हे.

कॅनडातील मानसशास्त्रज्ञ रोनाल्ड मेल्झॅक आणि ब्रिटनचे पॅट्रिक वॉल यांनी १९६५ साली असे प्रतिपादन केले, की इजेचा संदेश मज्जारज्जूतून सरळ मेंदूकडे जात नाही. वाटेत जणू एक दार असते, आणि भय, चिंता, अवधान यांच्या प्रभावाने मेंदूकडून उतरणारे संदेश ते दार कमी-अधिक उघडतात. तीन महिन्यांहून अधिक काळ टिकणाऱ्या वा पुनःपुन्हा उद्भवणाऱ्या वेदनेला आज वैद्यक ‘जीर्ण’ म्हणते. तिच्यात मूळची जखम भरून आल्यावरही मज्जासंस्थेची संवेदनशीलता वाढलेली राहू शकते. झोप उडते, हालचालीची धास्ती बसते, स्नायू दुर्बल होतात, उदासीनता येते आणि त्या उदासीनतेने वेदना पुन्हा तीव्र होते. आंतरराष्ट्रीय वेदना-अभ्यास संघाच्या व्याख्येतही वेदना हा संवेदना आणि भावना या दोहोंचा अनुभव मानला आहे, आणि २०२० च्या सुधारणेत रुग्णाच्या कथनाचा आदर करावा, असे स्पष्ट नमूद केले आहे.

शरीराची तक्रार आणि मन यांचा हा संबंध आपल्याकडे निकट आणून दाखविला तो गोव्याने. मनोविकारतज्ज्ञ विक्रम पटेल आणि ‘संगत’ संस्थेतील त्यांचे सहकारी यांनी गोमंतकीय स्त्रियांच्या दीर्घकाळच्या थकव्याची पाहणी करून २००५ मध्ये दाखविले, की त्या थकव्याचा संबंध दारिद्र्याशी आणि मानसिक क्लेशाशी आहे. पुढे गोव्यातील २४ दवाखान्यांत त्यांनी एक प्रयोग केला, त्याचे निष्कर्ष २०१० मध्ये प्रसिद्ध झाले: मानसोपचाराची पदवी नसलेल्या, परंतु नीट शिकविलेल्या स्थानिक समुपदेशकांची जोड मिळाल्यावर सरकारी आरोग्यकेंद्रांतील चिंता-उदासीनतेचे रुग्ण अधिक संख्येने बरे झाले, खासगी दवाखान्यांत मात्र तसा फरक दिसला नाही. ज्या सरकारी केंद्रांवर गरिबांची भिस्त, तिथेच या साहाय्याचा गुण यावा, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

शिकविलेल्या स्थानिक माणसांनी खचलेल्यांना आधार द्यावा, या विचाराची मुळे सातारा-सांगलीच्या मातीतही आहेत. डॉ. नरेंद्र दाभोलकर साताऱ्याचे, जन्म १ नोव्हेंबर १९४५ चा, वैद्यकीय शिक्षण मिरजेतले. काही वर्षे वैद्यकी केल्यावर ते समाजकार्याकडे वळले. १९८९ मध्ये महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीची आणि पुढे साताऱ्यात ‘परिवर्तन’ या व्यसनमुक्ती केंद्राची उभारणी त्यांनी केली. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात त्यांची हत्या झाली, तरी काम थांबले नाही. त्यांचे चिरंजीव मनोविकारतज्ज्ञ डॉ. हमीद दाभोलकर आणि सहकारी यांनी ‘मानसमित्र’ म्हणून जे स्वयंसेवक शिकवून तयार केले, त्यांचे काम असे, की गावातील खचलेल्या माणसाचे म्हणणे शांतपणे ऐकावे, लक्षणे ओळखावीत आणि त्याला मांत्रिकाच्या दारी जाऊ न देता तज्ज्ञापर्यंत पोचवावे.

देहाचे आणि मनाचे दुखणे कसे एकत्र गुंतते, हे समितीच्या आणखी एका कामातही दिसते. डोक्यात देवीची जट आली, ती कापली तर कोप होईल, या भीतीने तिचे ओझे वर्षानुवर्षे वागविणाऱ्या बाईची मान दुखते. समितीचे कार्यकर्ते तिची संमती मिळवून ती जट कापतात, तेव्हा मानेचे ओझे आणि मनातील धाक या दोहोंवर एकदमच इलाज होतो.

याच धर्तीवर माझी एक तजवीज आहे. गळीत हंगामात कारखान्यांजवळच्या ऊसतोडणी करणाऱ्यांच्या तळांवर आरोग्य तपासणी करताना तिथे एक व्यायामोपचारतज्ज्ञ आणि एक मानसमित्र जोडीने बसवावा. दुखणे कधीपासूनचे हे विचारताना झोप, डोक्यावरची उचल आणि घरातली चिंता हेही विचारावे. बेताबेताने वाढविण्याची हालचाल शिकवावी. आणि ज्यांना अधिक उपचाराची निकड असेल त्यांच्या हाती १४४१६ हा शासनाच्या टेलि-मानस सेवेचा क्रमांक तर द्यावाच, पण हंगाम संपून तळ उठण्यापूर्वी त्यांच्या गावाजवळच्या आरोग्यकेंद्राच्या नावे लिहिलेली चिठ्ठीही द्यावी.