हातोडा पडण्यापूर्वीचा सौदा

उत्तरकालीन मुघल बादशहांच्या अमदानीत औरंगाबादच्या टांकसाळीतून जे रुपये बाहेर पडत, त्यांवर शहराचे नाव ‘खुजिस्ता बुनियाद’ असे फारसी लिपीत उमटवलेले असे. आणि आज छत्रपती संभाजीनगरातील एखाद्या कुटुंबाने आजोबांच्या पेटीत सापडलेला असा रुपया संकेतस्थळावर लिलावास मांडला, तर ती अक्षरे विकणाऱ्यास बहुधा वाचता येत नाहीत, घेणाऱ्यास मात्र येतात. सारा अनर्थ या विषमतेतून उद्भवतो.

आठवडाभराच्या मुदतीच्या लिलावात जाणकार संग्राहक आपली बोली शेवटच्या काही मिनिटांसाठी राखून ठेवतात, त्यामुळे चौथ्या दिवशी दिसणारा आकडा खऱ्या किमतीच्या जवळपासही नसतो. नेमका तेव्हाच ‘लिलाव बंद करा, रोख रक्कम देतो’ असा खासगी निरोप येतो, आणि आकड्याची दुप्पट होताना पाहून विकणारा हुरळून जातो. निरोप धाडणारे गृहस्थ इतके उदार असते, तर त्यांनी तीच रक्कम उघड बोलली असती.

कायदा येथे फारसा आड येत नाही. १९३० च्या वस्तुविक्री अधिनियमाच्या कलम ६४ अन्वये हातोडा पडेपर्यंत विक्री पुरी होत नाही, आणि तोवर बोली लावणाऱ्यासही ती मागे घेण्याची मुभा आहे. परंतु ज्यांच्या जाहीर बोलीने भाव चढला, त्यांचाच आकडा पुढे करून तिऱ्हाइताने परस्पर सौदा उरकावा, ही उघड दगलबाजी होय; जाधववाडीच्या मोंढ्यात असे घडले, तर उरलेले व्यापारी जो गिल्ला करतील तो रास्तच ठरेल.

मग पिप्रहवाच्या रत्नांचे काय? १८९८ च्या उत्खननात बुद्धाच्या अस्थींसमवेत मिळालेल्या या रत्नांचा ७ मे २०२५ रोजी हाँगकाँगमध्ये व्हावयाचा लिलाव भारत सरकारच्या नोटिशीनंतर स्थगित झाला, पुढे मुंबईच्या पिरोजशा गोदरेज यांनी ती विकत घेतली आणि जुलैअखेर ती स्वदेशी परतली. हाही बोलीविना झालेला सौदाच. पण लिलाव थांबला तो बोली सुरू होण्याआधी, आणि का थांबला हे साऱ्या जगाला ठाऊक होते.

विकणाऱ्याने लिलाव मागे घ्यायचाच, तर तो पहिल्या बोलीपूर्वी घ्यावा. बोली आल्यावर मुदत पुरी होऊ द्यावी. आणि असा निरोप आलाच, तर उत्तर देण्यापूर्वी नाणे एखाद्या फारसी जाणणाऱ्याकडून वाचून घ्यावे.